उचल

दर आठवड्याला या पानावर मी घरातल्या आणि कॉलेजातल्या लहानसहान गोष्टी लिहीत असतो. दिवाळी अंकाला संपादक नेहमीच्या तिप्पट जागा देतात आणि वर बजावतात, "या वेळी जरा खुसखुशीत येऊ द्या." या वर्षी माझ्यापाशी शिल्लक आहे तो विषय रागाचा आहे. राग चकलीसारखा तळून काढता येत असेल तर पाहावे, म्हणून बसलो आहे.

राग एका जुन्या सहकाऱ्यावरचा. नाव सांगत नाही. आमच्या भागातल्या मराठीच्या प्राध्यापकांना ते सांगण्याची गरज नाही, आणि इतरांना कळून उपयोग नाही. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी हा गृहस्थ नांदेडला आमच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर आला. तासिका तत्त्व म्हणजे ज्यात तासिका भरपूर असतात आणि पगार तत्त्वापुरता असतो. खोली मिळेपर्यंत म्हणून तो आमच्याकडे उतरला आणि खोली मिळायला सात महिने लागले. सौ.च्या हातची ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी खाताना तो म्हणायचा, "वहिनी, हे ऋण या जन्मी फिटायचं नाही." हा शब्द मात्र त्याने अक्षरशः पाळला.

पुढे गॅदरिंगसाठी आम्ही दोघांनी मिळून एक वग लिहिला. मिळून म्हणजे मी लिहिला आणि तो मोठमोठ्याने हसला. (हे माझे म्हणणे. त्याचे म्हणणे पुढे येईल.) वगातल्या राजाच्या राज्यात चोऱ्या फार होतात आणि चोर काही सापडत नाही. तेव्हा प्रधान तोड काढतो, की ज्याच्या घरी चोरी झाली त्यालाच आत टाकावे, म्हणजे तक्रार करायला कुणी उरणार नाही. या बतावणीला पोरे बाकांवर उभी राहायची. तीन वर्षे तो वग आमच्याकडे गाजला. मग गृहस्थ लातूरच्या एका कॉलेजात कायम झाला. त्यानंतर दिवाळीचे पत्र नाही, संक्रांतीचा तिळगूळ नाही. आणि मध्यंतरी कुणीतरी एक पुस्तिका माझ्या हातात आणून ठेवली. वग तोच, नाव दुसरे, स्पर्धेत पहिला आलेला, आणि लेखक म्हणून त्याचे एकट्याचे नाव. ऋणनिर्देशात प्राचार्य होते, अक्षरजुळणी करणारा होता, इतकेच काय, कॅन्टीनवाला होता. मी नव्हतो.

मी स्पर्धेच्या संयोजकांना चार पानी पत्र लिहिले आणि सौ.ला वाचून दाखवले. ती म्हणाली, "तिसऱ्या पानावर भाकरीचा हिशेब आहे, तेवढा काढा." मी काढला नाही.

ते पत्र खिशात घालून गेल्या मार्गशीर्षात मी लातूरच्या एसटीत बसलो. हाती द्यावे, पोस्टावर विसंबू नये, असा विचार होता. नांदेडहून लातूरला जाताना लोहा मागे पडले की माळेगाव लागते. एरवी गाडी तिथे कधी थांबली आणि कधी सुटली हे झोपलेल्या माणसाला कळतही नाही. पण मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला तिथे खंडोबाची यात्रा भरते आणि मग त्या माळावर शहर उठते. घोडे, गाढवे, उंट, भंडाऱ्याने पिवळे झालेले वाघ्ये, घोंगड्यांचे ढीग, आकाशपाळणे, आणि एका अंगाला तमाशाच्या कनाती. रस्त्यावर बैलगाड्या आणि टेम्पो यांचा गुंता झाला होता. कंडक्टर म्हणाला, "तासभर काय हलत नाही बगा गाडी." मी खाली उतरलो.

एका कनातीपाशी तिकिटांची पुस्तके मांडून बसलेला पोरगा "सर!" म्हणून उठला. माझ्या बी. ए.च्या वर्गात मागच्या बाकावर बसणारा, कधी तोंड न उघडणारा. फडाची मालकीण त्याची सख्खी आत्या, आणि सुटीत तो इथे काम करतो. तीन वर्षे मी त्याला लोकसाहित्याचा पेपर शिकवला, गण, गवळण, बतावणी, वग असे फळ्यावर लिहून दिले, आणि त्याने ते निमूटपणे उतरवून घेतले! "आधी का सांगितलं नाहीस?" म्हटले, तर खाली बघून म्हणाला, "वर्गात कळलं की पोरं शिट्ट्या मारतेत सर."

तो मला आत घेऊन गेला. दुपारची वेळ होती. रात्रीच्या राण्या स्टोव्हवर डाळ शिजवीत होत्या, आणि प्रधान बनियनवर बसून दाढी करत होता. त्याच्या आत्याबाई, सगळे त्यांना अक्का म्हणत, ट्रंकेवर बसून लांबडी लाल वही चाळत होत्या. साठीच्या पुढच्या, चष्मा दोऱ्याने बांधलेला. मी बसलो तोच शेजारच्या फडातून ढोलकीचा आवाज आला. कुणी हात साफ करत असावे.

"ऐकलं का मास्तर?" अक्का म्हणाल्या. "ही माझी ढोलकी."

"म्हणजे?"

"वाजवणारा माझा. श्रावणात उचल माझ्याकडनं घेतली आन् दसऱ्याला नारळ तिकडं फोडला."

शहरातल्या वाचकांसाठी थोडे सांगतो. ढोलकी-फडाच्या तमाशाचा हंगाम दसऱ्याला सुरू होतो आणि वैशाखात संपतो. पावसाळ्यात कनात गुंडाळलेली आणि चूल थंड. त्या चार महिन्यांत पोरीचे लग्न निघते, म्हातारा आजारी पडतो, घर गळते. तेव्हा कलावंत येत्या हंगामाचा पगार मालकाकडून आधीच उचलतो. तीच उचल. मालकापाशीही पैसा नसतो. तो सावकाराकडून व्याजाने आणतो आणि स्टॅम्प पेपरावर सही घेऊन वाटतो. आपल्याकडच्या माणसांना ही रीत नवी नाही. बीड-लातूरकडची जोडपी ऊसतोडीला जातात ती मुकादमाची अशीच उचल घेऊन. आणि लक्ष्मण गायकवाडांच्या 'उचल्या'मुळे, लातूरजवळच्या धनेगावचे हे लेखक, १९८८ साली त्या पुस्तकाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, उचलणे या क्रियापदाकडे आपण मराठी शिकवणारे जरा जपूनच पाहतो. पगार उचलणाराही उचलतोच, पाकीट उचलणाराही उचलतोच, पण 'उचल्या' एकट्यालाच म्हणतात.

आता उचल घेऊन माणूस पळाला तर? दुसऱ्या फडाने चार पैसे जास्त दाखवले, किंवा मालकिणीशी बाचाबाची झाली, किंवा फडातलीच एखादी तिकडे गेली म्हणून हाही गेला. अक्कांनी वहीचे पान माझ्यापुढे धरले. ऐंशी हजार.

"कोर्टात जायचं," मी म्हणालो. खिशातले पत्र बोलत होते.

"जाते की. कोर्टाची तारीख पडती मंगळवारची आन् मंगळवारी माझा खेळ असतो दुसऱ्याच जिल्ह्यात. मग त्या रोजी कोण नाचायचं, वकील?" प्रधान गालाला साबण लावून हसला. "आमची कचेरी ही जत्रा. सगळे मालक एका जागी गावतात. ज्यानं माणूस नेला त्यानं उचल फेडायची. आज रात्री खेळ झाल्यावर बसायचंय."

"आणि त्या माणसाचं काय? त्याला ढोलकी कुणी शिकवली?"

"आमच्या मालकांनी. नवऱ्यानं माझ्या. सात वर्साचं पोर व्हतं, आमच्या ताटात जेवलेलं."

मला एकदम बरे वाटले. ताटात जेवलेला माणूस! मी त्यांना माझी सगळी हकिकत सांगितली, अंबाडीच्या भाजीसकट. त्यांनी शांतपणे ऐकून घेतली.

इथे जरा थांबतो, कारण कनातीबाहेर टांगलेल्या फडाच्या पाटीकडे माझे सारखे लक्ष जात होते. तमाशाच्या पाटीवर एक शब्द हमखास असतो, 'सह'. दत्ता महाडिक सह गुलाबराव बोरगावकर. मंगला बनसोडे सह नितीनकुमार. रघुवीर खेडकर सह कांताबाई सातारकर. व्याकरणात आपण याला शब्दयोगी अव्यय म्हणतो आणि पुढे जातो. फडात ते अव्यय नसते, त्याचा व्यय होत असतो. दोघांपैकी एक वेगळा होतो, नवी पाटी रंगते, तिच्यावर नवा 'सह'. पठ्ठे बापूराव, म्हणजे हरणाक्षाचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, पवळाबाईसाठी घरदार आणि जात सोडून फडात आले आणि दोघांचे नाव एका श्वासात घेतले जाऊ लागले. तीही जोडी फुटली. १९४५ साली पुण्यात बापूराव गेले ते हलाखीतच. त्या ताटातुटीची गोष्ट सांगायला बसणारा माणूस आधी कुणा एकाची बाजू घेतो आणि मगच सांगतो. कवलापूरच्या लहू आणि अंकुश खाडे या जुळ्या भावांची, काळू-बाळूंची, जोडी टिकली. पण ते आईच्या पोटातूनच 'सह' आले होते.

कांताबाई सातारकरांचे तर पाहा. तुकाराम खेडकर हे त्यांच्या फडाचे नाव आणि संसाराचेही. ते १९६४ साली गेले. पाठोपाठ कांताबाईंना मुलांना घेऊन त्या फडातून बाहेर पडावे लागले. ज्या रंगमंचावर त्यांनी शिवाजी उभा केला होता तिथे त्यांना जागा उरली नाही. पाच वर्षांनी, १९६९ साली, त्यांनी स्वतःचा फड काढला आणि पुढे मुलाला घेऊन तो नावारूपाला आणला. २०२१ साली त्या गेल्या. झाल्या प्रकाराची फिर्याद कुठे केली असती त्यांनी?

आणि विठाबाई नारायणगावकर. गरोदरपणाचे दिवस भरलेले असताना त्या बोर्डावर नाचत होत्या, कनातीमागे जाऊन बाळंत झाल्या, नाळ दगडाने तोडली आणि पुन्हा लोकांपुढे उभ्या राहिल्या, ही हकिकत महाराष्ट्र अजून सांगतो. १९५७ साली आणि पुन्हा १९९० साली त्यांना राष्ट्रपतींच्या हस्ते गौरवण्यात आले. २००२ च्या जानेवारीत त्या गेल्या तेव्हा दवाखान्याच्या बिलासाठी लोकांना मदत गोळा करावी लागली. नंतर सरकारने त्यांच्या नावाचा पुरस्कार ठेवला. मी तो वर्गात सांगतो आणि परीक्षेत एका गुणाला विचारतो.

तर अक्का. माझी हकिकत संपल्यावर त्या म्हणाल्या, "त्यानं चोरी केली. खरं हाय. तुमच्या वगातली बतावणी झाक हाय. चोर सोडून ज्याची चोरी झाली त्यालाच आत टाकायचं. कुठली ती?"

"कुठली म्हणजे?"

"मी ऐकलीया ती. अहमदपूरकडचा एक सोंगाड्या करायचा. मालकांच्या येळंला आमच्याकडं दोन हंगाम व्हता."

मी गप्प बसलो. वाचकहो, मी नुकताच नोकरीला लागलो होतो तेव्हा, २००४ सालच्या आसपास, याच माळेगावच्या यात्रेत मी टेपरेकॉर्डर घेऊन आलो होतो. लोकनाट्यावर संशोधन करावे असे तेव्हा मनात होते. (मग लग्न झाले.) एका म्हाताऱ्या सोंगाड्याने कनातीच्या सावलीत बसून मला दीड तास बतावण्या करून दाखवल्या. राजा तोच, प्रधान तोच, गवळणीतली मावशी तोच. तोंडात दात नव्हते, तरी मावशीचे हसू बरोबर यायचे. ती कॅसेट माझ्या कपाटात आहे. वग लिहिताना ती मी ऐकली होती का? ऐकली होती. चोरी झालेल्याला आत टाकणारा प्रधान त्या कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला आहे. हे मी विसरलो होतो, असे म्हणायचा मोह होतो. विसरलो नव्हतो. लोकसाहित्याला लेखक नसतो, असे मी फळ्यावर लिहीत आलो होतो, आणि ते वाक्य अशा वेळी फार सोयीचे पडते.

"त्याला काय दिलं व्हतं?" अक्कांनी विचारले.

"चहा."

"चहा," त्या म्हणाल्या, आणि वही मिटली. त्या रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर बरे झाले असते.

मग काही वेळाने त्याच बोलू लागल्या. "मीबी पळाले व्हते मास्तर. एकोणीस वर्साची व्हते. उचल बुडवून, रातोरात, ट्रकात बसून. म्हातारा मालक व्हता माझा. तिकडं गेले तर तिथला मालक लई लबाड. पैसा द्यायचा कबूल करायचा पाचाचा आन् हातावर ठेवायचा दोनाचा. दोन हंगामांनी परत आले. तर म्हाताऱ्याच्या वहीत माझं नाव तसंच. खोडलंच नव्हतं. मला लाजेनं पाऊल उचलना. तर त्यो म्हणतो कसा, 'लाजायचं ते उद्या लाज. आज तिकिटं फाटलीत.'"

"म्हणून तुम्ही याचं नाव खोडत नाही?"

"न्हाई, याचं ऐंशी हजार येणं हाय म्हणून खोडत न्हाई," त्या फटकन म्हणाल्या. "परवा समोर आला व्हता. थुंकले असते तोंडावर. त्याची बायको संगं व्हती म्हणून ऱ्हायलं."

एसटी केव्हाच निघून गेली होती. मी रात्रीपर्यंत थांबलो. अक्कांच्या फडात ढोलकीवर मिसरूड न फुटलेला एक पोरगा बसला होता. गण उभा राहिला आणि लक्षात आले की पोराचा हात कच्चा आहे. लयीत चढ आला की बिचकायचा. शेजारच्या फडाचाही खेळ सुरू झाला होता, आणि दोन कनातींच्या मधे पाच पावलांची गल्ली. तिकडची ढोलकी इकडे स्वच्छ ऐकू येत होती. पहिल्यांदा मला वाटले, हा आवाज पोराला बुडवणार. पण गवळणीपर्यंत पोराने मान कनातीकडे वळवली होती. तिकडे एक तुकडा वाजला की इकडे तो तोच तुकडा, जरा अडखळत, उचलायचा. दुसऱ्यांदा वाजला की अडखळणे कमी. मावशी 'अगं बया' करून प्रेक्षकांना हसवत होती, लोक फेटे उडवत होते, आणि हा पोरगा कापडाच्या भिंतीतून शिकवणी घेत होता. आणखी एक गंमत झाली. वगाच्या सुरुवातीला पोरगा एका ठिकाणी पुरता चुकला, तर तिकडून तो तुकडा पुन्हा आला, सावकाश. योगायोगही असेल. शेजारच्या वगाला तिथे तशीच लय हवी असेल.

अक्का विंगेत माझ्या शेजारी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "फिटतीया उचल. अशीच, आण्या-आण्यानं." आणि मग लगेच, "पर ऐंशी हजार सोडनार न्हाई."

रात्री मालकांची बैठक झाली की नाही, तोडगा काय निघाला, मला माहीत नाही. पहाटेच्या गाडीने मी अहमदपूर, चाकूर करत लातूरला पोहोचलो. निघताना विद्यार्थ्याने आत्याकडून विचारून एक पत्ता लिहून दिला होता. तो सोंगाड्या दहा वर्षांपूर्वीच वारला. त्याचा मुलगा लातूरच्या मोंढ्यात एका आडतीवर मुनीम आहे.

संयोजकांकडे जाण्याआधी मी मोंढ्यात गेलो. सोयाबीनच्या पोत्यांमधून वाट काढत त्या मुनिमापर्यंत पोहोचलो. पन्नाशीचा, नीटनेटका माणूस. मी वडिलांचे नाव घेताच त्याने आजूबाजूला पाहिले आणि मला बाहेर आणले. मी सांगितले की एका छापील वगात त्याच्या वडिलांची बतावणी आहे, तिथे त्यांचे नाव यायला हवे, आणि मी स्वतः एका साप्ताहिकात लिहितो, तिथेही लिहीन. त्याने हात जोडले.

"नका सर. लेकीची सोयरीक जुळायलीय. पाव्हण्याला माहीत नाही, आजा तमाशात होता म्हणून. तुम्ही चांगल्या मनानं आलाव, पण नाव नका घालू."

मी कॅसेटबद्दल सांगितले. तेव्हा मात्र तो जरा थांबला. "त्यात मावशीचं हसणं हाय का?" म्हणाला. मी हो म्हटले. "मग तेवढं मोबाइलवर घालून द्या. घरी नाही, माझ्याच मोबाइलवर." ते मी नंतर पाठवले. म्हणून या लेखात त्या माणसाचे नाव नाही. या वेळी कारण वेगळे आहे, इतकेच.

पत्र अजून खिशात होते. त्याच दुपारी, गंजगोलाईच्या गर्दीत, एका भांड्यांच्या दुकानासमोर तो सहकारीच समोर आला. पोट सुटले होते, केस पांढरे झाले होते. "सर!" म्हणाला आणि पायाला हात लावायला वाकला. हे त्याचे पूर्वीपासूनचे. आम्ही एका हॉटेलात बसलो. मी पुस्तिकेचे काढले. तो जरासाही गोरामोरा झाला नाही.

"सर, शेवटचा प्रवेश कुणी लिहिला होता?"

"कुठला?"

"राजा स्वतःच फिर्याद घेऊन येतो आणि प्रधान त्यालाच आत टाकतो, तो. तुमच्याच घरी, गच्चीवर बसून लिहिला होता. तुम्ही म्हणाला होता, ठीक आहे, राहू दे."

आठवले. गच्ची आठवली, ज्वारीची वाळवणे आठवली, आणि 'ठीक आहे, राहू दे' हे माझे शब्द असल्याचीही खात्री पटली. कॉलेजात तीन वर्षे त्या वगाच्या जाहिरातीवर कुणाचे नाव होते? माझे एकट्याचे. तेव्हा तो तासिका तत्त्वावर होता.

मी त्याला सोंगाड्याची गोष्ट सांगितली. तो ऐकून खूप हसला, मग गप्प झाला. म्हणाला, "म्हणजे सर, शेवटचा प्रवेश सोडला तर बाकीचं तुमचंही नाही." मी म्हटले, "आणि तुझंही नाही." पुढच्या छपाईत काय करायचे यावर बराच वेळ बोललो. नाव घालायचे नाही म्हटल्यावर ऋणनिर्देश कसा लिहायचा, हा प्रश्न दोन मराठीच्या प्राध्यापकांना तासाभरात सुटला नाही. 'एका कलावंताकडून' असे त्याने सुचवले. मला ते कॅन्टीनवाल्याच्या खाली बरे दिसेना. आमचे भांडण त्यावरून पुन्हा सुरू झाले, पण आवाज खालचा होता.

त्याने माफी मागितली नाही. मीही मागितली नाही. पत्राचे तिसरे पान मी तिथेच फाडले, बाकीची तीन पाने घरी ड्रॉवरमध्ये आहेत. उठताना त्याने वहिनींची चौकशी केली आणि अंबाडीची भाजी अजून करतात का म्हणून विचारले. चहा दोन-दोन कप झाला होता, शिवाय भजी. बिल आले तेव्हा तो हात धुवायला गेला होता.